मोकळगावची लोकवस्ती

खंडेराव गायखे यांनी आयुष्यात चालू मशीनला कधी हात लावला नाही, आणि त्या शिस्तीनंही अखेर त्यांना हात दिला नाही. एक अख्खं गाव त्यांच्या हातून गेलं. नकाशावर शोधायला जाऊ नका. ते गाव सातपूरला, त्यांच्या बैठकीच्या खोलीत, मुलगा ओम पुण्याला नोकरीला जाताना मागे ठेवून गेलेल्या कॉम्प्युटरमध्ये होतं. आणि ते वसवलं होतं त्यांच्या पत्नीनं, विमलाबाईंनी.

विमलाबाई शाळेत शिक्षिका होत्या. सरकारनं कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची केली तेव्हा स्टाफरूममधल्या बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. या बाई पहिल्या झटक्यात पास झाल्या, आणि वर ओमकडून गाव वसवायचा खेळही शिकून घेतला. रस्ते टाकायचे, घरांना जागा सोडायची, शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी बांधायची. सगळं नीट जमलं की माणसं आपणहून राहायला येतात, नाही जमलं तर निघून जातात. निवृत्तीनंतर दोन वर्षं रोज दुपारी भांडी आटोपली की त्या तासभर बसत. गावाचं नाव त्यांनी ठेवलं होतं मोकळगाव. लोकवस्ती, अठ्ठेचाळीस हजार दोनशे सोळा.

खंडेरावांना हा प्रकार थिल्लर वाटे. त्यांनी एकतीस वर्षं एका कंपनीच्या पॉवर हाऊसमध्ये काढली होती. कोळशाचा बॉयलर, टर्बाइन, आणि दर तासाला लॉगबुकात रीडिंग. आता खरं सांगायचं तर शेवटची दहा वर्षं रीडिंग बघायला कोणी उठत नसे. वरच्या ओळीवरून खालच्या ओळीत उतरवून सही ठोकायची. पण सही मात्र प्रत्येक ओळीला. खाडाखोड झाली तर तिच्याशेजारीही सही. माणूस शिस्तीचा!

निवृत्तीनंतर घर घ्यायची वेळ आली तेव्हा विमलाबाईंना मखमलाबादकडे जायचं होतं. दिंडोरीच्या त्यांच्या भावानं, सहादूनं, जागासुद्धा बघून ठेवली होती. खंडेराव गेले, चारी बाजूंनी फिरले आणि म्हणाले, "इथून चिमणी दिसत नाही." विषय संपला. फ्लॅट घेतला तो सातपूरला, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीतून कंपनीची चिमणी समोर. सकाळचा चहा घेत ते धूर बघत आणि "आज कोळसा ओला आहे" असं काहीतरी म्हणत. त्याच गॅलरीत विमलाबाई वाळलेले कपडे दोन-दोनदा झटकत, कारण पांढऱ्या साडीवर काळी कणी बसलेली असे. कंपनीच्या कॉलनीत राहात होते तेव्हाही हेच.

घरीही खंडेरावांनी एक लॉगबुक ठेवलं होतं. कंपनीतून येताना आणलेलं कोरं रजिस्टर. नळ किती वाजता आला, वीज किती वाजता गेली, धुराचा रंग, आणि शेवटचा रकाना, घरात माणसे. त्यात रोज 'दोन' लिहायचं. आता या रकान्याचा उपयोग काय, असं विमलाबाईंनी एकदाच विचारलं होतं. "रकाना आहे म्हणून भरायचा," असं उत्तर मिळाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

सन दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर विमलाबाईंचा दमा बळावला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर हवापालट करा. सहादू जीप घेऊन आला.

"दिंडोरीला काय अत्तर फवारतात का?" खंडेराव म्हणाले. "द्राक्षावर औषधच मारता ना?"

"दाजी, आमचं घर बागेपासून लांब हे," सहादू म्हणाला. "आणि ताईला तिकडं झोप तरी लागंल."

निघताना विमलाबाईंनी डबे दाखवले, गॅसचा नंबर दाखवला, आणि दारात वळून म्हणाल्या, "एक करा माझ्यासाठी. माझ्या गावाला हात लावू नका."

"मला काय करायचंय तुझं गाव!"

चौथ्या दिवशी त्यांनी ते उघडलं. नुसतं बघायला हो! आणि बघतात तर काय, गावाचं पॉवर हाऊस पार नकाशाच्या टोकाला, टेकडीपलीकडे, आणि तिथून गावापर्यंत मैलभर तारा ओढलेल्या. एकतीस वर्षं पॉवर हाऊसमध्ये काढलेल्या माणसाच्या घरात ही अवस्था! तारेत किती वीज वाया जाते याची या बाईला कल्पना नाही? शेजारी अडाणी असेल तर समजू शकतं, पण स्वतःची बायको? त्यांना खरोखर लागलं ते. त्यांनी जुनं पॉवर हाऊस पाडलं आणि नवं, दोन चिमण्यांचं, मधोमध बांधलं. शाळेच्या शेजारी, घरांच्या रांगेला लागून. शास्त्रशुद्ध! मग समोर आलेल्या इंग्रजी प्रश्नाला 'येस' म्हणून गाव होतं त्याच नावानं साठवून टाकलं, आणि खेळ चालू ठेवून समाधानानं चहा करायला गेले. परत आले तेव्हा लोकवस्ती सव्वीस हजार होती. चहा संपेपर्यंत अकरा. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी मोकळगावात तीन हजार माणसं उरली होती आणि जुनं गाव परत आणायची काही सोय राहिली नव्हती, कारण जुन्यावर नवं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं.

पाडून बांधेपर्यंत वीज गेली म्हणून माणसं रुसली, असा त्यांनी निष्कर्ष काढला. रुसलेली माणसं परत येतात. चार दिवस वाट बघितली. कुणी आलं नाही.

पहिला सल्ला समोरच्या भिकन पगाऱ्यांचा. पगारे कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे लेखी दिल्याशिवाय जगात काही होतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. "खंडेराव, खेळ बनवणाऱ्या कंपनीला अर्ज करा. रजिस्टर एडी." आणि त्यांनी स्वतः बसून मसुदा केला. विषय, शहर पूर्ववत करून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, अर्जदाराच्या पत्नीच्या गैरहजेरीत... असं दीड पान. खाली सोबत जोडलेल्या कागदपत्रांची यादी. पगाऱ्यांच्या भाचीनं त्याचं इंग्रजीही केलं. दोघं सातपूर पोस्टात रांगेत उभे राहिले. खिडकीवरच्या बाईंनी अमेरिकेचा पत्ता मागितला. तो सीडीवर असेल म्हणून दोघं परत घरी. सीडीवर ओमच्या अक्षरात स्केच पेननं खेळाचं नाव लिहिलेलं, बाकी कोरी.

पगारे त्या सीडीकडे बराच वेळ बघत राहिले. "खंडेराव, ही चोरीची नक्कल आहे. आपण दीड पानात गुन्हा कबूल केलाय. तुमच्या सहीनं!"

अर्ज फाडला. पगाऱ्यांनी तुकडे मोजून घेतले.

तळमजल्यावरच्या अक्काबाईंनी विचारलं, "घर फिरलंय का तुमचं? चेहरा उतरलाय." त्यांना वाटलं, नवराबायकोचं बिनसलं. खंडेरावांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यालाच नजर लागली असं ठरवून त्यांनी मॉनिटरवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. त्यातली एक मोहरी कीबोर्डात गेली ती कायमची, आणि तेव्हापासून सातचा आकडा जोर करून दाबावा लागे.

ओमला फोन केला तर तो आधी हसला, मग म्हणाला, "बाबा, आईचं गाव? अहो, तिचं तेवढंच होतं ना." खंडेराव म्हणाले, "तेवढंच म्हणजे? मी नाही का?" सायबर कॅफेवाल्या समाधानला भेटा, असं सांगून ओमनं फोन ठेवला.

समाधान हा तिशीचा, चष्मेवाला, जगातल्या प्रत्येक संकटावर एक सीडी असलेला माणूस. "काका, टेन्शन नॉट. मेमरी स्कॅनर देतो. खेळात दिसतो तो आकडा त्यात टाकायचा. तो आकडा कॉम्प्युटरच्या मेमरीत कुठंकुठं बसलाय ते हे शोधतं. हजार जागा सापडतील. खेळात आकडा बदलला की नवा टाकायचा, मग शंभर उरतील. असं करत करत एक उरली की तिथं तुमचा आकडा लिहायचा. बस, माणसं परत!"

हे खंडेरावांना एकदम पटलं. आकडा लिहिणं हा त्यांचा प्रांत.

घरी आल्याबरोबर कॉम्प्युटरनं सीडीवरून उतरवलेला स्कॅनर व्हायरस ठरवून गिळून टाकला. परत कॅफे गाठला. समाधाननं व्हायरस पकडणारा पहारेकरी बंद कसा करायचा ते चिठ्ठीवर लिहून दिलं. मग खंडेराव कामाला लागले, आणि इथं ती शिस्त आडवी आली.

पॉवर हाऊसमध्ये दुरुस्तीचा नियम एकच. आधी मशीन बंद, मग परमिट, मग हात. हा नियम त्यांना कुणी पुस्तकातून शिकवला नव्हता. त्यांच्या शिफ्टच्या बारकूनं पंखा चालू असताना पट्टा सरळ करायला हात घातला आणि तीन बोटं गेली. ती बोटं खंडेरावांनी स्वतः रुमालात गोळा केली होती. तेव्हापासून चालू मशीन दिसलं की त्यांचा हात आपोआप मागे जाई. साहजिकच त्यांनी आधी खेळ होता त्या अवस्थेत साठवून रीतसर बंद केला. मॉनिटरला पुठ्ठा अडकवला, 'काम चालू आहे. स्विच लावू नये.' खाली तारीख, सही. आणि मग स्कॅनर लावून उरलेल्या लोकवस्तीचा आकडा, ३१४०, शोधायला सांगितलं.

स्कॅनर म्हणाला, आधी कुठला प्रोग्रॅम तपासायचा ते निवडा. यादीत खेळाचं नाव नव्हतं. असणार कुठून, बंद केलेला. खंडेरावांनी यादीतला पहिला निवडला. शून्य सापडले. दुसरा निवडला, मेमरी वाचता येत नाही. तिसरा निवडल्यावर घड्याळासकट पडद्याची खालची पट्टीच नाहीशी झाली.

समाधानला फोन. "काका, सगळं बरोबर केलंय ना?"

"नियमाप्रमाणे."

"आकड्यात स्वल्पविराम टाकला असेल. काढा."

काढला. शून्य. दुसरा दिवस, तिसरा दिवस, शून्य. मध्ये सकाळी आठ ते साडेअकरा लोडशेडिंग. आयुष्यभर वीज तयार केलेला माणूस अंधाऱ्या मॉनिटरसमोर बसून भिंतीवरचं घड्याळ बघतोय, आणि समोर गॅलरीतून कंपनीची चिमणी मस्त धूर सोडतेय. त्यांना पहिल्यांदाच त्या चिमणीचा राग आला. लगेच लाजही वाटली.

चौथ्या दिवशी समाधान स्वतः आला. पुठ्ठा वाचला. "काका, खेळ बंद आहे?"

"म्हणजे काय! चालू मशीनमध्ये हात घालू?"

समाधाननं चष्मा काढून पुसला. "खेळ बंद झाला की त्याची मेमरीच राहात नाही हो. रिकाम्या घरात माणूस शोधताय तुम्ही चार दिवस."

खंडेरावांचे कान लाल झाले. त्यांनी बारकूच्या बोटांची गोष्ट सांगितली. समाधाननं ती मान खाली घालून ऐकली, पुठ्ठा काढला आणि खेळ चालू केला. गाव समोर येताच तो पुढे झुकला. "काका, हे पॉवर हाऊस घरांना चिकटून का आहे? बघा, सगळा पट्टा तपकिरी झालाय. लोक धुरामुळे—"

"ते राहू दे," खंडेराव म्हणाले. "पॉवर हाऊस कुठं असावं हे मला सांगू नका. तुम्ही आकड्याचं बघा."

आकड्याचंही सोपं नव्हतं. चालू खेळात शोधल्यावर अकरा हजार जागा निघाल्या. मग चारशे, मग नऊ, मग एक. खंडेरावांनी त्या जागेचा पत्ता शाईनं लॉगबुकात उतरवला आणि सही केली. दुसऱ्या दिवशी लोडशेडिंगनंतर त्याच पत्त्यावर अठ्ठेचाळीस हजार दोनशे सोळा लिहिले, तर मोकळगावात सन ४८२१६ उजाडलं. दवाखाना, शाळा, पाण्याची टाकी, सगळं म्हातारं होऊन पडलं. साठवलं नव्हतं म्हणून वाचले. खेळ दर वेळी उघडला की पत्ते बदलतात, हे समाधाननं आता सांगितलं. "आधी नाही सांगायचं?" "काका, तुम्ही पत्ता लॉगबुकात उतरवाल हे मला काय माहीत?"

आणखी एक गंमत निघाली. आकडा लिहिला तरी खेळातला महिना बदलला की तो पुन्हा तीन हजारांवर येई. त्यावर स्कॅनरमध्ये इलाज होता. आकड्यापुढे बरोबरची खूण केली की तो जागीच गोठायचा. मग महिने जावोत, वर्षं जावोत, आकडा हलायचा नाही. खंडेरावांना हे सगळ्यात आवडलं.

गुरुवारी दुपारी बाराला विमलाबाई येणार होत्या. म्हणजे साडेअकराला वीज आल्यापासून अर्ध्या तासात सगळं करायचं. त्या दिवशी वीज अकरा छत्तीसला आली. अकरा हजार, चारशे, नऊ. सातचा आकडा बसेना, दोन अंगठ्यांनी दाबला. खाली जीपचा हॉर्न वाजला तेव्हा त्यांनी बरोबरची खूण केली आणि स्कॅनर खालच्या पट्टीत लपवला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता, पण लोकवस्ती अठ्ठेचाळीस हजार दोनशे सोळा. एकतीस वर्षांत कुठल्या रीडिंगसाठी ते इतके धडपडले नव्हते, आणि हेही खरं की ते तिच्यासाठीच होतं.

विमलाबाई आल्या. गालावर रंग होता. तीन मजले चढून धाप लागली नव्हती. मागून सहादू बॅग घेऊन.

"बघ," खंडेराव म्हणाले. "हात लावला नाही. लोकवस्ती बघ."

त्या चप्पल काढून खुर्चीवर बसल्या. आकडा बघितला. मग हनुवटीला हात लावून नुसत्या बघत राहिल्या. पडद्यावर एक महिना गेला. दुसरा गेला.

"अहो, दोन महिने झाले. एक पोर जन्मलं नाही? कुणी म्हातारं मेलं नाही?"

खंडेरावांनी बाहीनं कपाळ पुसलं.

"तुमच्या लॉगबुकासारखं झालंय हे."

छत्तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडलेल्या बाई. खालच्या पट्टीतला स्कॅनर त्यांना सापडायला पाच सेकंद लागली. त्यांनी ती बरोबरची खूण काढली. महिना बदलला आणि तीन हजार एकशे चाळीस असा आकडा आला. मग त्यांनी नकाशा सरकवला. रिकाम्या घरांच्या रांगा, बंद शाळा, आणि शाळेला खेटून दोन चिमण्या.

"हे इथं आणलंत?"

"तारेत वीज वाया जाते, विमल. तू इतक्या लांब—"

"लांब ठेवलं होतं मी. जाणूनबुजून. टेकडीपलीकडे, वारं उलट्या बाजूला वाहतं तिथं. जागा शोधायला मला महिना लागला होता." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर खंडेरावांना बरं वाटलं असतं. "या गावातली माणसं शहाणी हो. राख यायला लागली तशी उठून गेली. मी तीस वर्षं कपडे झटकत बसले."

खंडेरावांना सांगायचं होतं की आपण पोस्टात रांगेत उभे राहिलो, चार दिवस शून्य बघितलं, चिमणीचा रागही आला होता. यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. निघालं ते असं, "जेवायला काय करू?"

टेबलावर लॉगबुक उघडं होतं. विमलाबाईंनी पानं उलटली. महिनाभर शेवटच्या रकान्यात दोन, दोन, दोन.

"मी नव्हते ना?"

"रजेवर होतीस. रजेवरच्या माणसाचं नाव हजेरीतून काढत नाहीत."

त्या किंचित हसल्या. फार दिवसांनी हसल्या, आणि तेवढ्यानं खंडेरावांना वाटलं की निभावलं. मग त्यांनी लॉगबुक मिटून जागेवर ठेवलं.

"आता रजा लिहू नका," त्या म्हणाल्या. "सहादू, बॅग घे. आणि ही कॉम्प्युटरची पेटी पण. मॉनिटर मी धरते."

"ताई, दाजींना..." सहादूनं खंडेरावांकडे बघितलं, मग नजर वळवून वायरी काढू लागला. कॉम्प्युटर चालू होता. खंडेरावांचा हात सवयीनं पुढे झाला, आधी बंद करा, असं सांगायला. पण तोवर सहादूनं प्लग ओढला होता.

जीप गेली. खालून अक्काबाई काहीतरी विचारत होत्या. खंडेरावांनी गॅलरीचं दार लावून घेतलं, पहिल्यांदाच भर दुपारी, आणि लॉगबुक उघडलं. नळ सकाळी सहाला. वीज आठ ते अकरा छत्तीस. धूर पांढरा. शेवटच्या रकान्यात त्यांनी वरच्या ओळीवरून उतरवत 'दोन' लिहिलं. बराच वेळ त्याकडे बघितलं. मग त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी 'एक' लिहिलं, आणि खाडाखोड झाली होती म्हणून तिच्याशेजारी सही केली.